दात कुठल्या खात्यात येतात?

टीथ व्हायटनिंगवर फ्लॅट पन्नास टक्के ऑफ! क्लीनिंगवर पॉलिशिंग फ्री! लग्नाचा सीझन आला की ‘ब्राइडल स्माईल पॅकेज’! अंधेरी स्टेशनबाहेर पडून रिक्षाने लिंक रोडपर्यंत जाताना दातांच्या डॉक्टरांच्या किती पाट्या लागतात, कधी मोजल्यात? ट्रॅफिकमध्ये दुसरं करण्यासारखं काही नव्हतं म्हणून मी एकदा मोजायला घेतल्या. अकरानंतर कंटाळा आला. आपल्याकडे दात हा आता पर्सनॅलिटीचा भाग झालाय. इंटरव्ह्यूला जाताना शूज पॉलिश करायचे, तसेच दातही. तिशीत ब्रेसेस लावून मीटिंगला येणारे लोक आहेत आणि त्यांना कुणी हसतही नाही. चांगलंच आहे.

आता डहाणू लोकल पकडा. नाही मिळाली तर विरारला उतरून पुढची गाडी. विरारनंतर वैतरणा आणि मग सफाळे, दुसरंच स्टेशन. २०१३ मध्ये लोकल डहाणूपर्यंत जायला लागली तेव्हापासून हा भाग कागदोपत्री तरी ‘मुंबई लोकल’चा झाला. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना सफाळे माहीत असेल ते तांदूळवाडीच्या ट्रेकमुळे. पावसाळ्यात शनिवार-रविवारी सफाळ्याच्या प्लॅटफॉर्मवर रेनकोट आणि हॅवरसॅक यांची जत्रा असते. दादरला पहाटे भाजीच्या टोपल्या घेऊन उतरणाऱ्या बायकांमध्येही इकडच्या असतात. गडाच्या पायथ्याला, रस्ता संपतो तिथून आत, पाडे आहेत. वारली, मल्हार कोळी, कातकरी अशी वस्ती.

माझी एक मावसबहीण इथल्याच एका पाड्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. वयाने आठ वर्षांनी मोठी, म्हणून ताई. ‘तू त्या पेपरात मॉल नि कॅफेबद्दल लिहितेस ना, एकदा आमच्या जेवणाच्या सुट्टीत ये,’ असं ती दोन वर्षं म्हणत होती. गेले एकदाची.

जेवणाची सुट्टी म्हणजे शालेय पोषण आहार. खिचडी होती, वास मस्त सुटला होता, पोरं ताटल्या घेऊन ओळीत बसली होती. दुसरीतला एक मुलगा घास तोंडात घेऊन नुसता बसला होता. मान एका बाजूला कललेली. मग एका बाजूने हळूहळू चावून त्याने गिळला. तीन-चार घास झाले आणि त्याने ताटली शेजारी बसलेल्या धाकट्या बहिणीकडे सरकवली. मी विचारलं, ‘दुखतंय का रे?’ त्याने जोरात मान हलवली, नाही! ताई म्हणाली, ‘हो म्हणाला तर डॉक्टरकडे न्यावं लागतं, हे त्याला पक्कं माहितीये.’ नंतर तिने त्याला लाडीगोडी लावून ‘आ’ करायला लावलं. खालच्या दोन्ही बाजूंच्या दाढा काळ्या पडून अर्ध्या झालेल्या. हिरडीवर पांढरी पुळी. सात वर्षांचा मुलगा.

‘वर्गात असे किती?’

‘असे नसलेले मोज, पटकन होईल,’ ताई म्हणाली.

तुम्ही म्हणाल, दुधाचे दात आहेत, पडणारच आहेत की. पाड्यावर आया हेच म्हणतात आणि खरं सांगायचं तर आपल्या सोसायटीतही हेच म्हणतात. पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. तोवर जेवायचं त्यांच्यावरच. शिवाय सहाव्या वर्षी मागच्या बाजूला पहिली कायमची दाढ येते, कोणताही दात न पडता, गुपचूप. घरच्यांना ती दुधाचीच वाटते. शेजारच्या दाढेला कीड असली की हिच्यावरही लवकर संकट. ती गेली की गेली, तिच्यानंतर दुसरी नाही.

देशभरातल्या मुलांचं चित्र बघायचं तर डेंटल कौन्सिल ऑफ इंडियाचं २००२-०३ चं सर्वेक्षण आहे. पाच वर्षांच्या आणि बारा वर्षांच्या मुलांपैकी साधारण निम्म्यांच्या दातांना कीड होती. म्हणजे हा काही फक्त गरिबांचा आजार नाही. फरक पुढे पडतो. तुमच्या भाच्याच्या दाढेला कीड लागली तर महिन्याभरात ती भरून होते आणि वर डॉक्टर अंकल त्याला स्टिकर देतात. इथे तीच कीड खाली खाली जात राहते, रात्रीची झोप जाते, शाळा बुडते, गाल सुजतो, आणि शेवटी घास जात नाही.

हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकला. कारण घास हाच तर इथला गेल्या तीस वर्षांचा विषय आहे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. त्याआधी हे सगळं ठाणे जिल्ह्यात होतं. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. तेव्हापासून कुपोषण म्हटलं की जव्हार-मोखाडा हे समीकरण पेपरवाल्यांच्या (म्हणजे आमच्या) डोक्यात बसलं. योजनांची मात्र कमी नाही. अंगणवाड्यांची योजना १९७५ पासूनची. शाळेतल्या आहाराची केंद्राची योजना १५ ऑगस्ट १९९५ पासून. आधी काही वर्षं नुसता तांदूळ मिळायचा, मग सुप्रीम कोर्टाने २८ नोव्हेंबर २००१ ला आदेश दिला की शिजवलेलंच अन्न द्या. आदिवासी भागासाठी राज्याने २०१५ मध्ये डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आणली. गरोदर आणि स्तनदा मातांना रोज एक चौरस जेवण, आणि पुढे सहा वर्षांपर्यंतच्या बाळांना आठवड्यातून चार दिवस अंडी किंवा केळी. यातल्या प्रत्येक योजनेने पोरांच्या पोटात काहीतरी घातलंय, हे मान्य करायलाच हवं. अंगणवाडीताई बाळाचं वजन करतात, उंची घेतात, दंडाचा घेर मोजतात. हे सगळं तोंडातूनच पोटात जायचं आहे, पण तोंडाचा कॉलम त्या रजिस्टरात नाही.

आणि कुपोषण व दात यांचं नातं एकमार्गी नाही. दाताच्या वरचं कडक आवरण, इनॅमल, बाळ पोटात असल्यापासून पहिल्या काही वर्षांत घडतं. त्या काळात आई आणि बाळ दोघंही अर्धपोटी असली तर आवरण पातळ, खडबडीत होतं. असा दात लवकर किडतो. किडलेला दात दुखतो, मूल कमी खातं, कमी खाल्लं की वजन वाढत नाही. मग वजन कमी म्हणून आणखी आहार द्यायचा, आणि तो चावायला दाढा नाहीत!

आता साखर. मला वाटलं होतं की इथे आपल्याला व्हिलन सापडणार. कारण अंत्योदय कार्डावर सरकार महिन्याला कुटुंबामागे एक किलो साखर स्वस्तात देतं. केंद्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये ही योजना आणखी दोन वर्षांनी वाढवली. अंगणवाडीतून धाकट्या मुलांसाठी घरी नेण्याची जी पाकिटं वर्षानुवर्षं वाटली गेली त्यात उपम्याबरोबर शिरा आणि सुकडी, म्हणजे गोडच. मस्त स्टोरी होती! पण हिशेब केला आणि स्टोरी ढेपाळली. पाच माणसांत महिन्याला एक किलो म्हणजे माणशी दिवसाला सात ग्रॅमही नाही. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे की मोठ्या माणसाने वरून घातलेली साखर दिवसाला साधारण पन्नास ग्रॅमच्या आत ठेवावी, जमलं तर पंचवीसच्या. आपलं एक मोठं कोल्ड कॉफीचं ग्लास घेतलं तरी ही रेशनची सात ग्रॅम त्यात कुठे बुडाली ते कळणार नाही.

घोळ किती साखर खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली यात जास्त आहे. तोंडातले जंतू साखरेचं आम्ल करतात. तोंडातला पीएच ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधली खनिजं विरघळायला लागतात. लाळ हळूहळू ते सावरते, पण तिला अर्धा-पाऊण तास तरी लागतो. मधे पुन्हा काही गोड गेलं की पुन्हा पहिल्यापासून. पाड्यावरच्या पोराचा दिवस बघा. सकाळी कोरा चहा आणि त्यात बुडवून बिस्किटं. आई भाताच्या कामावर किंवा वीटभट्टीवर गेली की रडणाऱ्या धाकट्याच्या हातात पाच रुपयांचा पुडा. दुपारी दुकानातली एक रुपयाची गोळी, ती तासभर गालात ठेवून. संध्याकाळी परत चहा. यात आईचा दोष काढणाऱ्यांनी कृपया एकदा उन्हात दिवसभर विटा वाहून बघाव्यात. पाच रुपयांत पोट भरल्यासारखं वाटेल, सोलावं-शिजवावं लागणार नाही आणि पोर गप्प बसेल, असं दुकानात दुसरं काय मिळतं?

भट्टीचा उल्लेख आलाच आहे तर, दिवाळीनंतर जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडची कितीतरी कुटुंबं वसई, भिवंडी, पालघरकडच्या भट्ट्यांवर येतात ती पावसाच्या तोंडाला परत जातात. ही मुलं इथल्या शाळेतही नसतात आणि तिथल्याही. तपासणीचा दिवस आला की नेमकी ती गैरहजर.

तपासणी! हो, तपासणी होते. आणि इथे एक गंमत आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम नावाचा केंद्राचा कार्यक्रम आहे. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तीस आजारांसाठी, आणि त्या तिसात दातांची कीड आहे, चक्क नाव घेऊन. हा कार्यक्रम देशात सुरू कुठून झाला ठाऊक आहे? पालघरमधून! ६ फेब्रुवारी २०१३ ला सोनिया गांधींच्या हस्ते. दिल्ली-मुंबईच्या बड्या हॉलमध्ये नाही, सफाळ्यापासून दोन स्टेशनांवर. फिरत्या पथकात दोन आयुष डॉक्टर, एक नर्स, एक औषधनिर्माता. अंगणवाडीला वर्षातून दोनदा यायचं आणि शाळेला एकदा. काही सापडलं की वरच्या दवाखान्यात पाठवायचं. उपचार मोफत.

कागदावर मला यात काहीच वाईट दिसत नाही. ताईच्या शाळेतही पथक येतं, डॉक्टर नीट तपासतात, प्रत्येक पोराच्या तोंडात टॉर्च मारतात. प्रॉब्लेम चिठ्ठीनंतर सुरू होतो. पथकात डेंटिस्ट नसतो, त्यामुळे शाळेच्या व्हरांड्यात दाढ भरली जात नाही. चिठ्ठी मिळते. त्या चिठ्ठीचा प्रवास असा : पाड्यावरून चालत किंवा टमटमने सफाळ्याला, तिथून गाडीने तालुक्याला, दवाखान्यात केसपेपर, रांग. दातांचे डॉक्टर त्या दिवशी असले तर नशीब. सुजेवर आधी गोळ्या, ‘पाच दिवसांनी या.’ म्हणजे दुसरी फेरी. उपचार मोफत, पण आईचे दोन दिवस गेले. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. दोन दिवसांचे सव्वासहाशे धरा, वर जाण्यायेण्याचं भाडं, आणि धाकट्याला कडेवर घेऊनच जायचं. एवढं करून काढायचा काय, तर पडणारच असलेला दुधाचा दात! मी त्या आईच्या जागी असते तर मीही चिठ्ठी डब्यात ठेवली असती.

ताईकडे अशा चिठ्ठ्यांची नोंद आहे. ‘पाठवले’ हा रकाना भरलेला. ‘उपचार झाला’ हा रकाना वाचायला वेळ लागत नाही.

बरं, महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं काय? ती मुख्यतः दवाखान्यात दाखल होऊन करायच्या उपचारांसाठी आहे. दाढ भरणं हे ओपीडीतलं काम, त्यामुळे ती भरायला योजना नाही. म्हणजे इन्फेक्शन पसरून मूल ॲडमिट होण्याच्या अवस्थेत गेलं की मग सगळे धावतील. हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. २००७ मध्ये अमेरिकेत, राजधानी वॉशिंग्टनच्या अगदी शेजारी मेरिलँड राज्यात, बारा वर्षांचा एक मुलगा किडलेल्या दातामुळे गेला. इन्फेक्शन मेंदूपर्यंत पोहोचलं होतं. घरचं सरकारी विम्याचं कव्हर बंद पडलेलं, गरिबांचा विमा घेणारा डेंटिस्ट मिळेना. दात काढायला ऐंशी डॉलर लागले असते. मेंदूच्या दोन ऑपरेशनांसह दवाखान्याचा खर्च अडीच लाख डॉलरच्या घरात गेला.

आता तुम्ही म्हणाल, साधा ब्रश-पेस्टचा प्रश्न आहे, त्यात एवढं काय! तेच तर. तांदूळ रेशनवर आहे, गहू आहे, साखर आहे. ब्रश आणि पेस्ट कुठल्याच खात्याच्या यादीत नाही. पाड्यावर म्हातारी माणसं अजून दातवण करतात, राखुंडी लावतात. काही बायका मशेरी लावतात, आणि दुखऱ्या दाढेला आराम म्हणून तीच पोरालाही. (टूथपेस्ट-टूथपावडरमध्ये तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे, पण तव्यावर घरी भाजलेल्या तंबाखूला कोण बंदी करणार?) राखेने दात घासले जातात खरे, पण किडीपासून वाचवणारं फ्लोराइड त्यात नसतं. ते मिळतं पेस्टमध्ये. त्या पेस्टवर आणि ब्रशवर २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत १८ टक्के जीएसटी होता! तो आता ५ टक्के झालाय. पण पाच माणसांच्या घरात एक ब्रश असेल तर टॅक्स कमी होऊन फार काही हलत नाही.

स्कॉटलंडने २००६ मध्ये ‘चाइल्डस्माइल’ सुरू केलं. नर्सरीत रोज, बाईंच्या देखत, फ्लोराइड पेस्टने ब्रशिंग. बाकी गोष्टीही होत्या, पण मूळ कल्पना एवढीच. २००३ मध्ये तिथे पहिलीच्या वयाच्या ४५ टक्के मुलांच्या दातांत कीड दिसत नव्हती. २०२० पर्यंत हा आकडा जवळपास तीन-चतुर्थांशावर गेला. ‘अहो, ते स्कॉटलंड!’ ठीक आहे, मग फिलिपिन्स घ्या. तिथल्या सरकारी शाळांत हात धुणं, ब्रश करणं आणि वर्षातून दोनदा जंताची गोळी, हे तीन एकत्र बांधून शिक्षकांकडूनच करून घेतलं जातं. यातल्या दोन गोष्टी आपल्याकडे आहेतच की. जेवणाआधी हात धुवायची रांग ताईच्या शाळेत लागतेच. जंतनाशक दिन २०१५ पासून आहे आणि गोळ्या शाळेपर्यंत व्यवस्थित पोहोचतात. ज्या वाटेने गोळी येते त्या वाटेने पेस्टची ट्यूब येऊ नये असं काही शास्त्र आहे का?

कीड लागून गेलेल्यांसाठीही दरवेळी खुर्ची-ड्रिल लागतंच असं नाही. १९८० च्या दशकात टांझानियात एक पद्धत निघाली. हाताच्या अवजाराने कीड खरवडायची आणि सिमेंट भरायचं. ना वीज, ना इंजेक्शन. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचं एक द्रावणही आहे. किडीवर थेंब लावला की बहुतेक वेळा कीड तिथेच थांबते. दात काळा पडतो, एवढंच. (ते ऐकून ताई हसली. ‘काळे तर आहेतच गं.’) जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हे द्रावण, ते सिमेंट आणि फ्लोराइड पेस्ट यांना अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं. वर्षातून एक-दोनदा जे पथक शाळेत येतंच आहे, त्याच्या गाडीत एक डेंटिस्ट आणि हा एवढासा डबा बसला तर चिठ्ठीचा अर्धा प्रवास वाचेल. बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या जिल्हा पातळीवरच्या केंद्रात डेंटिस्टचं पद धरलेलं आहेच. त्याने पेशंटची वाट बघायची की पेशंटकडे जायचं, एवढा तो प्रश्न.

सरकार काय काढतं आणि काय घालतं ते मात्र कधीकधी भारी असतं. जानेवारी २०२५ मध्ये शालेय पोषण आहाराचा नवा आदेश आला. अंडा पुलाव आणि गोड पदार्थ ऐच्छिक, अंडी आणि साखर यांच्यासाठी वेगळा निधी नाही. शाळेने हवं तर लोकसहभागातून करावं. साखर गेली तर दातांची काही तक्रार नाही. पण त्याच झटक्यात अंडं गेलं, जे किडक्या दाढेच्या पोरालाही चावता येतं. पाड्यावर लोकसहभाग कोणाकडून गोळा करायचा, तेही आदेशाने सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

लोकसहभाग येतो, पण कोणता ते ऐका. पावसाळ्यात ट्रेकचे ग्रुप शाळेत थांबतात, कधी कंपन्यांचे सीएसआरवाले येतात. वह्या, कंपास, टोप्या, आणि दरवेळी न चुकता चॉकलेटची मोठी पिशवी. पोरं खूश, फोटो झकास. ताईने आता गेटवरच सांगायला सुरुवात केलीये की चॉकलेट नको. आणायचेच असतील तर लहान मुलांचे सॉफ्ट ब्रश आणा आणि फ्लोराइडवाली पेस्ट. एकदाच नाही, दर तीन महिन्यांनी. आणि कुणाला एक दिवस सुट्टी टाकता येत असेल तर चार पोरं आणि त्यांच्या आयांबरोबर दवाखान्याच्या रांगेत उभं राहायला या. पहिल्या दोन गोष्टींना लोक हो म्हणतात. तिसरीला ‘बघतो, कळवतो’.

मागच्या जूनमध्ये एका ग्रुपने खरंच ब्रश पाठवले. ताईने पाण्याच्या मोठ्या बाटल्या आडव्या कापून, भोकं पाडून त्यांचे स्टँड केले. प्रत्येक ब्रशवर मार्करने नाव. खिचडीनंतर हापशावर रांग, ताई स्वतः समोर उभी राहून घासून दाखवते. महिन्याभरात नऊ ब्रश गायब झाले. चौकशी केली तर पोरांनी घरी नेले होते, शाळेत न येणाऱ्या धाकट्या भावंडांसाठी. ताईने आणखी नऊ मागवले.